येळवशीनंतरची भाकरी

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतातल्या पंगतीत दोनदा ताट भरून घेतलं, तसं मोनिकानं महिनाभराचं डाएट सोडूनच दिलं. आज कळंबच्या एसटीत तिच्या पुढच्या सीटवर गावातल्याच दोघी बोलत होत्या, ते ती ऐकत होती.

"हरणामावशी, लई वाळलाव की! भाकरी सोडली व्हय?"

"काहीच न्हाय सोडलं. दोनाची एक केली, आन् फाट्यापासनं घरी चालत जाते."

"मग येळवशीला?"

"भाज्यांची भज्जी हाणली, तांब्याभर आंबील पिली."

"म्हंजे सगळं मोडलं की!"

"एक दिस लाथ मारली म्हणून म्हैस विकतं व्हय कुणी? दुसऱ्या दिशी पुन्हा एक भाकर."

फाट्यावर उतरून मोनिकानं रिक्षावाल्याला नको म्हटलं आणि ती हरणामावशीच्या मागं चालू लागली.

"रिक्षा न्हाय केली व्हय गं?"

"न्हाय मावशी. म्हैस ठेवायची म्हणते."