जे डाग अजून उठायचे होते

माननीय अध्यक्षा क्विस्टबाई, मंचावर बसलेले रीनोचे पाहुणे प्रुइटसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले मिस्टर लाइल हॅवरकँप, बॉयसीहून त्यांना न्यायला आलेल्या त्यांच्या कन्या जोलीनताई, आणि आपल्या नाण्यांच्या क्लबच्या सगळ्या सभासदांनो…

एवढं पाठ केलं होतं. पुढचं नाही.

क्विस्टबाई मला म्हणाल्या, "मार्लिस, फार काही नको. जुन्या चांदीच्या नाण्याची किंमत कशावरून ठरते ते सांग. लाइलनंच तुला शिकवलंय, त्याला बरं वाटेल." मला चार माणसांत बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षं मी इथं मागच्या खुर्चीवर बसते आणि केक वाटला गेला की घरी जाते. शाळाही नववीत सोडली. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

तर किंमत. आधी साल बघायचं. मग मागच्या बाजूला, गरुडाच्या खाली, टांकसाळीची खूण. आपल्या गावात पाडलेला डॉलर असला की भाव वर जातो. मग झीज किती, ते बघायचं. नाण्यावरच्या बाईच्या कानावरचे केस अजून मोजता येतात की सपाट झालेत? आणि शेवटी चकाकी. पाडताना आली ती. घासून आणलेली नाही. घासलेलं नाणं लांबूनही ओळखू येतं, लाइलसाहेब म्हणायचे, दात काढून हसणाऱ्या माणसासारखं दिसतं.

आणि बोटाचा ठसा. ठसा असला की किंमत निम्मी.

ठशाचं एक आहे. तो लावला त्या दिवशी दिसत नाही. हाताचं तेल चांदीवर बसतं, आणि नाणं चकचकीतच दिसत राहतं. मग सहा महिन्यांनी, कधी पाच वर्षांनी, आपोआप तपकिरी रेघा वर येतात. म्हणून व्यापारी माल आला की आधी द्रावणात धुतात. डाग उठायच्या आधी धुतलं तर तो कधीच उठत नाही. उठल्यावर मात्र चांदीत बसतो.

आता मी जे सांगणार आहे ते मला कुणी सांगितलेलं नाही. मी बघितलंय. जोलीनताईंना विचारूनच बोलतेय. साहेब, तुम्हाला नाही विचारलं. तुम्ही नको म्हणाला असता.

साहेबांच्या पत्नी नेडीनबाईंना तुम्ही सगळे ओळखायचात. साहेबांच्या नाण्यांच्या दुकानात गल्ल्यापाशी उंच स्टुलावर बसायच्या, आणि आपल्याकडची कोरडी हवा म्हणून सारखं हाताला बदामाचं क्रीम चोळायच्या. त्याच हातानं नाणं उचलायच्या. सरळ अंगठा बाईच्या गालावर!

"नेडीन, कडेनं धर!" साहेब आतून ओरडायचे.

"तिच्या गालाला हात लावला तर ती काही बोलत नाही, तुम्हीच बोलता."

"गिऱ्हाईक बोलेल ना!"

"मग गिऱ्हाइकाला म्हणावं, क्रीम फुकट लावून दिलंय."

मग साहेब ते नाणं हातातून घ्यायचे आणि पुटपुटत धुवायचे. पण सगळीच कुठे त्यांना दिसायची?

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, नेडीनबाई गेल्या. तुम्ही सगळे होतात तिथं.

त्या उन्हाळ्यात स्टोव्हॉलकाका एक डॉलर परत घेऊन आले. तुम्हाला आठवतं ना, काका? "लाइल, स्वच्छ म्हणून दिलास, आणि हा बघ डाग!" साहेबांनी भिंग लावलं. मी शेजारी उभी होते. बाईच्या गालावर अख्खा अंगठा उठला होता, आणि त्या अंगठ्याला मधोमध एक आडवी रेघ. पीचचा डबा उघडताना नेडीनबाईंचा अंगठा कापला होता, त्याचा तो व्रण. साहेब कितीतरी वेळ भिंगातून डोळा काढेनात. मग त्यांनी सगळे पैसे परत दिले आणि ते नाणं मागच्या कप्प्यात ठेवलं.

त्या दिवसापासून साहेबांनी नाणी धुवायचं बंद केलं.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते सगळे ट्रे खिडकीशी आणायचे आणि एकेक नाणं उन्हात तिरकं करून बघायचे. मी शेजारच्या उपाहारगृहात भांडी घासते, कामावर जाताना मला काचेतून दिसायचे. हिवाळ्यात आणखी एक ठसा उठला. मग नुसती कड, अर्ध्या नखाएवढी. एका सकाळी मी आत गेले तर ते एका नाण्याशी बोलत होते. "आलीस?" म्हणाले. मला त्यांनी बघितलं नाही, आणि मी तशीच मागे फिरले.

गावात आपण काय म्हणत होतो? लाइलची नजर गेली. लाइलचा माल बिघडतो. ठसेवाल्या नाण्यांवर त्यांनी दुप्पट किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या, तेव्हा हसलो. स्टोव्हॉलकाका तर म्हणाले, "काय रे, अंगठ्याचे वेगळे लावतोस काय?" मीही हसले होते. कुणी घेऊ नये म्हणूनच त्या चिठ्ठ्या होत्या.

आता नजर खरंच जायला लागलीय. गाडी चालवता येत नाही, आणि जोलीनताई त्यांना एकटं ठेवणार नाहीत, बरोबरच आहे. प्रुइटसाहेबांनी सगळा माल घेतला, रास्त भावानं घेतला. डागी नाणी तेवढी नको म्हणाले. ती साहेबांनी सिगारच्या खोक्यात भरली. मला वाटलं, सुटले! त्यांना हवं ते मिळालं.

व्हॅन भरत होते तेव्हा प्रुइटसाहेब सहज म्हणाले, "नेल्या नेल्या सगळं धुऊन काढतो, लाइल. काळजी नको." साहेबांनी मान हलवली. व्हॅन गेली. ते रिकाम्या काचेच्या पेटीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "जी आली ती माझ्याजवळ आहेत, मार्लिस. आता तिचं येणं बंद."



आपल्या क्लबची पद्धत आहे, साहेबांसारखे माजी अध्यक्ष गाव सोडून निघाले की त्यांना इथं पाडलेला एक डॉलर द्यायचा. निर्दोष, बिनडागाचा. निवडायचं काम क्विस्टबाईंनी मला दिलं. मी त्याच दुपारची बस धरून रीनोला गेले. अर्धे ट्रे धुऊन झाले होते.

साहेब, नेडीनबाईंच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही सॅक्रामेंटोच्या प्रदर्शनाला गेला होतात. तेव्हा त्यांनी मला एक नाणं दाखवलं होतं. "बघ गं, ही बाई माझ्या धाकट्या बहिणीसारखी दिसते. हनुवटी बघ!" आणि असा अंगठा दाबून धरला होता. गरुडाच्या पंखाजवळ त्या नाण्याला टांकसाळीतच पडलेली एक बारीक खोक होती. न धुतलेल्या तिसऱ्या ट्रेमध्ये मला ती खोक सापडली.

प्रुइटसाहेब म्हणाले, "आण इकडे, भेट द्यायचीय ना, धुऊन देतो."

"नको. असंच द्या."

"अगं पोरी, वर तेल असलं तर उद्या डाग उठेल. पैसे वाया!"

"उठू द्या."

त्यांनी मला वेड्यात काढलं. प्रुइटसाहेब, कारण तेव्हा सांगितलं नाही. मला सांगताच आलं नसतं.

नव्या सभासदांनो, या नाण्याची किंमत विचाराल, तर आज ते स्वच्छ आहे, आज पूर्ण भाव येईल. मी रोज उन्हात धरून बघितलं. काही नाही. कदाचित उद्या येईल. कदाचित कधीच येणार नाही. साहेब, मी खोटी आशा लावत नाही. जोलीनताईंना विचारलं, बॉयसीच्या तुमच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. नजर कमी पडली तर त्या बघून सांगतील. रेघ कशी असते ते मी त्यांना कागदावर काढून दिलंय.

क्विस्टबाईंनी मला उभं केलं, तुम्ही शांत बसून ऐकलंत, त्याबद्दल मी सगळ्यांची आभारी आहे. कुणाचं घरातलं दुःख असं सभेत मांडायचं नसतं, हे मला कळतं. जास्त बोलले असेन, कुणाला लागलं असेल, तर लहान समजून पोटात घाला.

साहेब, हे घ्या. मी यावरच्या बाईच्या गालाला बोट लावलेलं नाही. यावर जे कुणी येईल, ते मी नसेन.