शेजारच्या सीटखालचा सबवूफर

…आन वर मलाच इचारतेत, अजिनाथ, बारा इंची कावून घेतला बे? घेतला. माणूस दुकानात गेल्यावर काय तरी घेतोच की. पण तुमाला सांगतो, मी घरून निघालो तवा माझ्या डोक्यात इंच नव्हता, वॅट नव्हता, पेटी नव्हती. आपल्याला काय, निस्तं गाणं आयकायचं व्हतं.

गाडी आपली जुनी, एका मास्तरकडून घेतलेली, आन मास्तर गाणं आयकणारे नव्हते हे गाडी चालू केली की कळतं. दारातले स्पीकर असे, की गाणाऱ्या बाईला पडसं झालंय असं वाटावं आन ढोलकीच्या जागी कुणीतरी कागद फाडायलंय. आता मी ठिबकच्या नळ्या बसवायचं काम करतो, वडवणी ते बीड आठवड्याला तीन खेपा, शेजारची सीट रिकामी, माणसानं करायचं काय? म्हणून गेलतो बीडला सोमेश्वरच्या दुकानात. सीटकव्हर, हॉर्न, काचेचा काळा कागद, गाडीला जे जे लागत न्हाई ते सगळं त्याच्याकडं मिळतं.

मी म्हणलं, गाण्यात ढोलकी आयकू येत न्हाई, काय इलाज? त्यानं गाडीभवती एक चक्कर मारली, डिक्की उघडली, आत डोकावला, लावली. सोयरिकीला आलेला पाव्हणा घर बघतो तसं. मग म्हणला, भाऊ, सबवूफर लागंल. सबवूफर म्हणजे निस्ता खालचा, घुमणारा आवाज काढणारा मोठा स्पीकर, ढोलकीचा, पखवाजाचा. म्हणलं, द्या. तर म्हणे असा कसा देऊ? आठ इंची, दहा इंची का बारा इंची? बंद पेटीतला का भोकाच्या पेटीतला? बंद पेटीत आवाज कमी पण चोख, भोकाच्या पेटीत आवाज जोरात पण सैल. त्याला आवाजाची ताकद वाढवणारा अँप्लिफायर येगळा, त्या अँप्लिफायरला थेट बॅटरीपसून येगळी वायर, त्या वायरला फ्यूज, आन अँप्लिफायरचा वॅट सबवूफरच्या वॅटाला जुळला पायजे. मी एक डबा उचलला, त्याच्यावर ठळक लिवलेलं, हजार वॅट. म्हणलं ह्यो जुळंल. तर त्यो हसला. म्हणला, ते एका झटक्याचं झालं भाऊ, रोज चालायचा वॅट मागं बारीक अक्षरात असतो. मागं बघितलं तर तीनशे.

तुमाला सांगतो, एवढी चौकशी माझं लग्न ठरताना कुणी केली नव्हती. तवाबी दोन्हीकडच्यांनी मोठ्या अक्षरातलंच वाचलं. आन मी तिथं उभा, हातात डबा, डोक्यात इंच, वॅट, भोक… आपल्याला काय, निस्तं गाणं आयकायचं व्हतं.

मग त्यानं मला भाईर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी लाल जीपमधी बसवलं, दार लावलं आन गाणं सुरू केलं. ते गाणं माझ्या कानात आलंच न्हाई. पोटात आलं. मनगटावरचं घड्याळ हाललं. उतरलो, आन बारा इंची, भोकाच्या पेटीचा, असं म्हणून मोकळा झालो. सोमेश्वरनं एक गोष्ट इचारली, खोटं कावून बोलू, इचारली त्यानं. म्हणला, डिक्कीत काय ठिवता? मी म्हणलं, काई न्हाई.

हितं चुकलं.

कारण डिक्कीत मी काई ठिवत न्हाई, पण आमची वनमाला ठिवते. वनमाला म्हणजे माझी बायको. वांगी, मिरची, शेपू, जे असंल ते बाजाराच्या दिवशी वडवणीला नेऊन इकती, आन तिचे कॅरेट डिक्कीतच असतेत, गाडी घेतल्यापसून. बाजाराच्या दिवशी सकाळी ती वांग्याचं कॅरेट घेऊन आली, डिक्की उघडली, तर आत काळ्या कापडाची पेटी, या कडंपसून त्या कडंपतूर. बाकीच्या बायका वरडल्या असत्या. तिनं कॅरेट खाली ठिवलं, पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन शांतपणे इचारलं, "ह्याच्यात किती किलो मावतेत?"

आता ह्याचं उत्तर सोमेश्वरनंबी सांगितलं नव्हतं.

मग कॅरेट मागच्या सीटवर रचले. वनमालापुरती कड सोडून मागची सीट भरली, मिरचीचं पोतं पुढच्या सीटवर टेकवलं, आन मी वळून बघतो तर दादा उभे.

दादा म्हणजे माझे वडील, हरिबा. अठ्ठ्याहत्तर वर्सं वय. आमच्या वस्तीवरच्या भजनात चाळीस वर्सं पखवाज वाजवला त्यांनी. सहा वर्सांमागं कान गेले, दोन्ही. कानाचं यंत्र आणलं, तर म्हणले, ह्याच्यात कोण तरी भांडे घासायलंय, आन काढून ठिवलं. पखवाज खोळीत घालून खुंटीला टांगला. लोक बोलायचे, दादा हसून मान डोलवायचे. मग लोक बोलायचे बंद झाले. मग दादा हसायचे बंद झाले. आता तोंडातून निघणार म्हणजे पाणी, बास, आन बाजाराच्या दिवशी, निघायचं का. तेवढं एक त्यांचं भाईर जाणं. दाढी करायची, पाराला टेकून माणसं बघत बसायचं, परत यायचं.

त्या दिवशी धुतलेली टोपी घालून, काठी घेऊन गाडीपशी आलते. त्यांनी आत बघितलं. मागं वांगी, पुढं मिरची, डिक्कीत पेटी. वळले, वट्ट्यावर जाऊन बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठिवली.

तुमाला सांगतो, त्या दिवशी मी रस्त्यानं गाणं लावलं. ठोका पडला की गाडीचे दिवे मंद व्हायचे, नंबरप्लेट कापायची, आरशात मागची एक मोटरसायकल चार दिसायची. पण ढोलकी आली. लई चांगली आली. आन मला ती गुडघ्यावरची टोपी दिसायली. एक गाणं काई पुरं आयकलं न्हाई मी. बंद केलं. आपल्याला काय, निस्तं गाणं…

दुसऱ्या दिवशी पुन्हा सोमेश्वरकडं. म्हणलं, पेटी काढ, डिक्की मोकळी पायजे. त्यो म्हणला, मी इचारलं व्हतं. म्हणलं, इचारलं व्हतं. मग त्यानं एक चपटं काई तरी काढलं, भाकरीच्या डब्याएवढं जाड. म्हणला, ह्यो सीटखालचा, अँप्लिफायर ह्याच्या पोटातच असतो. बारा इंचावरून आठ इंचावर. भोकाच्या पेटीतून थेट सीटच्या खाली. माणसाची उतरती कळा म्हणतेत ती हीच. आन तीबी पुरती झाली न्हाई, कारण माझ्या सीटखाली जागाच निघंना. शेजारच्या सीटखाली बसला. म्हणजे गाडी माझी, गाणं माझं, आन ठोका कुणाला, तर रिकाम्या सीटला.

पुढचा बाजार आला. कॅरेट डिक्कीत, मिरचीचं पोतं आन वनमाला मागं, दादा पुढं. वस्ती सोडली, डांबरीला लागलो, मी एक भजन लावलं. बारीक आवाजात, कारण दादांना आयकू येत न्हाई आन त्यांच्या शेजारी बसून आपण मोठ्यानं आयकायचं, हे बराबर दिसत न्हाई. वनमाला मागून म्हणली, थोडं वाढवा की. वाढवलं.

जरा पुढं गेलो तर दादांची बोटं हालायली. मला वाटलं थंडी वाजली. मी काच वर केली. बोटं थांबंनात. आधी डावा हात मांडीवर पडला, मग उजवा. मग ते वाकले, आन तळहात सीटला लावला, बैलाच्या पाठीवर ठिवतेत तसा.

"गाडी थांबव," दादा म्हणले.

मी गाडी कडंला घेतली. मला वाटलं छातीत काई झालं. वनमालानं मागून पाण्याची बाटली पुढं केली. गाणं तसंच चालू. दादांनी डोळे मिटले, हात सीटवर, आन जरा वेळानं म्हणले, "ह्यो पखवाजवाला घाई करायलाय."

सहा वर्सांत त्या माणसानं कुणाच्या वाजवण्याला नाव ठिवलं नव्हतं. वनमालानं पदर डोळ्याला लावला. आन दादांसाठी आणलेलं पाणी मी पिलो, सगळं.

तवापसून, तुमाला सांगतो, बाजाराचा दिवस सोडला तर गाडी दारातच उभी हाय. सकाळी न्याहारी झाली की दादा जाऊन शेजारच्या सीटवर बसतेत. खुंटीवरचा पखवाज उतरलाय, त्यो मांडीवर मावावा म्हणून सीट मागं सरकवलीय. भजनातले दोन म्हातारे टाळ घेऊन मागं बसतेत, त्यातला एक जण वाजवता वाजवता डुलकी घेतो. बॅटरी दोनदा बसली, म्हणून घरातून चार्जरची वायर काढलीय, म्हशीला दावं बांधावं तशी. आन मी? मी ठिबकच्या नळ्या घेऊन येष्टीनं बीडला जातो. खिडकी खडखडती, कंडक्टर तिकीट तिकीट करतो, आन मी आपला बसतो… आपल्याला काय, निस्तं गाणं आयकायचं व्हतं.

परवा दादांनी मलाबी बोलवलं. स्टेरिंगपशी बसवलं, माझा हात धरून त्यांच्या सीटवर दाबला. म्हणले, सम आली की सांग. मी सांगितली. म्हणले, न्हाई. पुन्हा सांगितली. म्हणले, ही बी न्हाई. माझं वय शेहेचाळीस, दोन लेकरं कॉलेजात, आन मी आपल्याच गाडीत बसून तालात नापास व्हायलो. भाईर वनमाला सुपात गहू पाखडत व्हती. गाडीतलं भजन आयकत आयकत तिचं सूप चाललं व्हतं, आन दर समंला बराबर ठोका पडायला. दादांनी काचंतून त्या सुपाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"तू उतर," म्हणले. "तिला बसू दे."

उतरलो. वनमालानं सूप माझ्या हातात दिलं, डोईवरचा पदर नीट केला, आन बसली जाऊन. मी दार लावलं तर दादांनी काच खाली केली.

"दार हळू लाव," म्हणले. "ठेका हालतो."