फिल्टरमधली हळद

मी चारचौघांत बोलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्या दिवशी बोलले. ताईची नांदेडला दोन वाजता परीक्षा होती आणि अर्धापूरजवळ आमची गाडी धडधडायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी पळेना, वर मागून काळा धूर.

कशीबशी जवळच्या गॅरेजपर्यंत नेली. गॅरेजवाल्या चाचांनी इंजिनाचा आवाज ऐकला. "इंजन खोलावं लागतंय. गाडी ठेवून जा."

"अहो चाचा, पोरीचा पेपर हाय!" पप्पा म्हणाले.

मी हळूच पप्पांच्या कानात सांगितलं, "एअर फिल्टर बघायला सांगा."

पप्पांनी लगेच छाती पुढे काढली. "चाचा, माझा अंदाज हाय, एअर फिल्टरच असंल."

चाचांनी फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर पिवळाधमक! त्यांनी त्यावर हवेचा पाइप मारला, तशी त्यांची पांढरी दाढीही पिवळी झाली.

"ही तर हळद! इतकी आत गेली कशी? बंद गाडी तर हवा ओढत न्हाई."

"वाऱ्यानं गेली असंल," पप्पा म्हणाले.

आता मात्र मी मोठ्याने बोलले. "चाचा, आमच्या शेतात आठ दिवस हळदीला पॉलिश चाललं होतं, फिरत्या ड्रममधून नुसती पिवळी धूळ उडायची. पप्पा ड्रमाशेजारी गाडी चालू ठेवून, एसी लावून लक्ष ठेवायचे."

चाचा दाढी झटकत म्हणाले, "लई कष्ट घेतले, साहेब."

गाडी सुरळीत चालली आणि ताई वेळेत पोचली. पण भर उन्हात, नांदेड येईपर्यंत, एसी लावायची पप्पांची हिंमत झाली नाही.