काकांच्या सरळ खुंट्या

— नाही, वाऱ्यानं नाही, काका. वारा खुंट्या पाडतो, उपटून दोन हात पुढे नेऊन पुन्हा ठोकत नाही — वर पायानं माती दाबत तर नाहीच! बसा हो, पळताय कुठे तुमच्याच शेतातून? काल दिवसभर उन्हात राबून मी बांधाची आखणी केली, सव्वीस खुंट्या, सारख्या उंचीला धरून नागमोडी — आणि आज बघते तर दोरी ताणल्यासारखी सरळ रांग! का केलंत? वाकडं दिसलं की तुम्हाला घास गिळवत नाही म्हणून. काकू म्हणतेच ना, माझा भांग वाकडा चालेल, ह्यांच्या नांगराचं तास नाही चालत! पण पाण्याला सरळ-वाकडं कळत नाही हो, खोल-उथळ कळतं. बांध असा घातलात, की अख्ख्या शेताचं पाणी ह्या खळग्यात तुंबणार आणि इथूनच फोडून जाणार, वरची काळी माती घेऊन. मग काढा मुरमावर सरळ तासं!

— काय? बाबांच्या शेतातला मी आखलेला बांध कसा फुटला? तो… गेल्या वर्षी पाऊसच तसा झाला. बाबाही सगळ्यांना तेच सांगतात — असं बघू नका ना. बरं, नव्हता तसा पाऊस. नेहमीसारखाच होता. नळीत बुडबुडा होता, काका. ह्याच पाणी भरलेल्या नळीत. दोन काठ्यांवर दोन टोकं, दोन्हीकडे पाणी खुणेवर आलं की दोन्ही जागा एका उंचीच्या — साधी गोष्ट, गवंडीसुद्धा करतो. पण मध्ये हवा अडकली की नळी बेधडक खोटं बोलते. मी बघितलंच नाही. घाई होती ना! शिकून आले होते, सगळ्यांना दाखवायचं होतं. चार बोटं माती गेली बाबांची — आणि कुठे गेली? तुमच्या खालच्या तुकड्यात! पीक कसं डोलतंय तिथे, तेव्हा तुम्ही तर हसूच नका. बाबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त उरलेल्या शेताला हात लावू देत नाहीत. तुमचा बांध टिकला तर देतील, असं वाटतं मला. आणि फुटला तर… जाऊ दे.

उठा, ही काठी धरा. तुमच्या लाडक्या खुंटीपाशी टेकवा. आधी चष्मा लावून नळी बघा, वीत न् वीत. — नाही ना बुडबुडा? नक्की? मी दोनदा बघितलं, तरी तुम्ही बघा. आता सांगा, खुणेच्या वर किती चढलंय पाणी? वीतभर! म्हणजे जागा खोल. माझं नका ऐकू, पाण्याचं ऐका. सरका चढाकडे. अजून. वाकडं होतंय? होऊ द्या. अजून थोडं —

आं? माझ्या मागे? कधीपासून उभे आहेत बाबा? — बुडबुड्यापासून?

गप्प राहा, काका. पाणी हलतंय.