आधी दारू, मग गोळी

— नाही नाही, तो खाली ठेवा, बाई, तो तुमच्यासाठी नाही. दिसायला गोंडस आहे, कबूल, पितळ कसं चकाकतंय, पण तो चाप, ठिणगी पाडायची कळ ती, भिंतीवर टांगायच्या बंदुकीची. गारगोटी दहा वेळा आपटलीत तर चार वेळा ठिणगी पडेल, आणि तुमचं हरीण काही तोवर थांबणार नाही. मग मी विकतो कशाला? — लोक मागतात म्हणून विकतो. फिलाडेल्फियाहून येतात, नेऊन शेकोटीच्या वर टांगतात, खूश असतात. आता तुमच्या मिस्टरांना जर — बरं. बंदूक तुम्हालाच हवी आहे. मिस्टर विणकाम करतात. बरं. मी काही बोललो का? बसा, त्या खोक्यावर बसा, मांजर आपोआप उठेल. नाही उठणार? मग राहा उभ्या. टपाल वाटता तुम्ही, सवय असेल.

आणा ती यादी. व्वा, अक्षर बघा, नाहीतर आमची गिऱ्हाइकं, कोंबडीने शाई तुडवावी तसं लिहितात. तर — नळी. बेचाळीस इंची, अष्टकोनी. कुणी सांगितलं? बरोबर सांगितलंय. माझ्या आजोबांच्या आजोबांच्या काळात ठासणीच्या बंदुकीची नळी एवढीच लांब, बंदूक जमिनीवर उभी केली की हनुवटीपर्यंत यायची. नळीत कंजुषी करायची नाही, आतले आटे एकसारखे हवेत, बोट फिरवून काही कळत नाही, उजेडाकडे धरून डोळा लावून बघायचं, घ्या, ही बघा. दिसलं? विहिरीत बघितल्यासारखं वाटलं पाहिजे. आता दस्ता. मेपल. इथे तुम्ही फसणार बघा, सगळे इथेच फसतात — लाकडावर वाघासारखे पट्टे दिसले की भान हरपतं. पट्टे नंतर बघा. आधी दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे मूठ बसते तिथे, लाकडाच्या रेषा कुठे जातात ते बघा, सरळ गेल्या तर ठीक, आडव्या गेल्या तर पहिल्याच थंडीत दस्ता हातात दोन तुकडे. हा घ्या, हा जरा साधा आहे, पण सात वर्षं माझ्या माळ्यावर वाळलाय. अर्लीन म्हणते, लग्नाच्या वाढदिवसाला हार आणशील तर शपथ, लाकूड मात्र मायेने वाळवतोस. अर्लीन म्हणजे बायको. ती आतच आहे, कोबी किसतेय, नव्या वर्षासाठी आत्तापासून आंबवायला घालावा लागतो ना. त्याचं काय ते सांगतो नंतर. नाही, सांगत नाही. तुमच्या कामाचं बोलू.

आणि हे काय, फुलीचे स्क्रू तुमच्या मनाने घातलेत? खोडा, आत्ताच्या आत्ता खोडा. तुम्ही आमच्या क्लबात आलात ना हे स्क्रू घेऊन, तर तिथल्या तिथे — हसू नका, आमच्यात लोक भिंग घेऊन फिरतात. हा अठराव्या शतकाचा क्लब आहे, बाई, अंगावरचं सुद्धा सगळं त्या काळचंच लागतं. डॅरिल कुन्झलमनला सहा महिने बाहेर बसवला होता, का, तर हरणाच्या कातड्याच्या विजारीला चेन सापडली. सापडली कशी हे विचारू नका. मला ऐकू कमी येतं, तर कानात यंत्र चालेल की नाही यावर दोन तास सभा. शेवटी ठराव झाला, केसांखाली झाकलं तर चालेल. माझ्या डोक्यावर केस आहेत का? बघा ना. मी टोपी घालतो, कानापर्यंत.

तर नळी झाली, दस्ता झाला, ठासायचा गज लिहिलाय, आणि चाप — चापासमोर जागा रिकामी का ठेवलीय तुम्ही? अहो, सगळा जीव त्यात आहे. बाकी सगळं म्हणजे लाकूड नि लोखंड, ठिणगी पाडतो तो चाप. हा घ्या, हा ओहायोचा, चांगला आहे. म्हणजे बरा आहे. हा दुसरा, ह्याची स्प्रिंग जरा — नको, हा नको. हा तिसरा महाग आहे, पण गारगोटी आपटते त्या पट्टीच्या पोलादाला पाणी नीट दिलेलं नाही, शंभर बारांनंतर गुळगुळीत होईल. असं बघू नका माझ्याकडे. मी दुकानदार आहे, पण खोटं — कसं सांगू. चांगल्या चापाचा आवाज वेगळा असतो. एक मिनिट. हा खण जरा अडकतो.

हा ऐका. — ऐकलात? पुन्हा. — ठिणग्या बघितल्यात, मूठभर? आणखी एकदा. — नऊ वर्षं झाली, रोज सकाळी कॉफीच्या आधी मी हा एकदा आपटतो. रोज. एकदा चुकला नाही. नाही, विकायचा नाही. केला कुणी? एर्विनने केला. एर्विन मोयर, अर्लीनचा भाऊ. अख्ख्या काउंटीत असा हात नव्हता. कानशीने आठ आठ दिवस एकेक तुकडा घासायचा, आणि बोलायचा काय, तर दिवसाला चार वाक्यं, त्यातली दोन कुत्र्याशी. आता करत नाही. आता गवत कापायची मशीन दुरुस्त करतो. का म्हणजे — गिऱ्हाईक तुटलं. लोक म्हणायला लागले, मोयरचा चाप दगा देतो.

लोक म्हणजे मी.

अहो, नऊ वर्षांपूर्वीची, सप्टेंबरमधली नेमबाजीची मॅच. शेवटचा बार, मी आणि पलीकडच्या काउंटीचा एक जण बरोबरीत, बक्षिसाला अख्खं डुकराचं हॅम, एवढं. आणि मी हाच चाप लावलेली बंदूक ठासतोय. आता ठासताना तोंड बंद ठेवायचं, हे मीच शिकवतो सगळ्यांना, ती वर पाटी बघा, माझ्या हातची आहे — ‘आधी दारू, मग गोळी’. नळीत दारू ओतायची, वरून गोळी ठासायची, मग चापाच्या वाटीत चिमूटभर दारू. लहान पोराला येईल. पण मागून कुणीतरी विचारलं की नेविन, ते कानाच्या यंत्राचं काय झालं, आणि मी सांगायला लागलो. सभेचं सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं ते आवाज काढून सांगितलं, लोक हसताहेत, मी रंगात आलोय, हात आपले चाललेत. नेम धरला. घोडा दाबला. टक्. काही नाही. वाटी उघडून बघितली तर कोरडी ठणठणीत. आणि तेव्हा आठवलं, वाटीतच काय, नळीतही ओतली नव्हती. नुसती गोळी ठासली होती मी. दारूविना.

तुम्हाला नाही कळायचं, बाई. आमच्यात कोरडी गोळी ठासणाऱ्याच्या गळ्यात वर्षभर तीच गोळी दोरीला बांधून घालतात. वर्षभर, प्रत्येक बैठकीला, आणि जेवताना सगळे उभे राहून त्याला नियम वाचून दाखवतात. माझीच पाटी मलाच वाचून दाखवली असती. तर मी वाटी पटकन मिटली आणि म्हणालो — फार मोठ्याने नाही म्हणालो — म्हणालो, ठिणगीच पडली नाही. भर दुपारचं ऊन, उन्हात ठिणगी कुणाला दिसते. एर्विन दहा पावलांवर उभा होता. म्हणाला, वाटी दाखव. मी नाही दाखवली. बस, एवढंच. त्याने टोपी घातली आणि गेला. मी घरी येऊन तळघरात मळसूत्राने ती गोळी उपसून काढली, खिशातल्या या तंबाखूच्या डब्यात आहे. कुणाला माहीत नाही. अर्लीनला पण नाही. ती दर नव्या वर्षाला भावाकडे डुकराचं मटण नि कोबी घेऊन एकटी जाते, मी इथे डब्यातलं सूप पितो आणि मांजराला सांगतो की चूक एर्विनची आहे. यंदा म्हणाली, तू येणार नसशील तर मीही जात नाही, दमले मी. भाऊ अठ्ठ्याहत्तरचा आहे तिचा. आणि तरी कोबी किसतेय बघा. ऐकू येतंय ना?

मी हे तुम्हाला का सांगतोय? टपालवाल्या बाईला. उद्या अख्ख्या रस्त्याला — नाही, तुम्ही तशा वाटत नाही. जाऊ दे. त्या रिकाम्या जागेत ओहायोवाला लिहू या. मघापासून विचारतोय, ती जागा कुणाच्या सांगण्यावरून सोडलीत? यादी कुणी सांगितली तुम्हाला?

गवताचं मशीन दुरुस्तीला टाकलं होतंत.

पांढऱ्या भुवया. हो. कमी बोलतो. हो. आणि चापाचं विचारल्यावर काय म्हणाला? — जरा मोठ्याने बोला, टोपी कानावर आहे. — परत सांगा.

‘चापाचं नेविनला विचारा. तो सांगेल तो घ्या, मालाच्या बाबतीत खोटं बोलणारा माणूस नाही तो.’

असं म्हणाला. हसत म्हणाला? नाही. तो हसत नाही.

अर्लीन. अगं अर्लीन, कोबी राहू दे. माझा कोट कुठाय? — आत्ता. — तुझ्या भावाकडे. नव्या वर्षापर्यंत कशाला थांबायचं, ये तूही, वाटेत सांगतो. नाही, वाटेत नको, तिथेच सांगतो, एकदाच सांगायला जमेल मला. आणि एक दोरी दे. कसलीही, गळ्यात बसेल एवढी लांब. तो तंबाखूचा डबा माझ्या खिशात आहे ना? आहे.

नाही बाई, आज चाप मिळणार नाही. पुढच्या महिन्यात या, कदाचित नवा केलेला मिळेल, माझ्या हातात नाही ते. सामान तिथेच राहू द्या, कुणी नेत नाही. निघा आता तुम्ही. दारावरची पाटी तेवढी उलटी करा जाताना.