एक बंडी म्हणजे आठ मोटारी

नाई, पण मले एक सांगा, एक बैलबंडी म्हणजे आठ मोटारी, हे काय मी ठरवलं? ते वर कुठंतरी दिल्लीच्या पुस्तकात छापून आहे! सायकल अर्धी, मोटार एक, ट्रक तीन अन् बैलबंडी... आठ! काऊन आठ? तर म्हणे ती हळू चालते, रस्ता अडवते, मागच्या सगळ्यायले थांबवते. म्हणजे जो जितका अडवल तितका तो मोठा! अन् हा हिशोब आमच्या चंद्रपूरच्या म्हाताऱ्यायले समजला, तुमाले सांगतो, तिथूनच सत्यानाश झाला. आता पूर्ण गाव माह्या नावानं बोंबलून राह्यलं. अरे, मी काय केलं? मी तं मोजून राह्यलो होतो ना भाऊ! नुसता मोजून राह्यलो होतो!

पॉलिटेक्निक मी दुसऱ्याच वर्षी सोडलं. सर वहीतून फळ्यावर उतरवत, आमी फळ्यावरून वहीत, अन् परीक्षेत तेच परत सरायले द्याचं. मी म्हटलं, मंग मधात मी कायले पाहिजे? पण आमचा बाप वामनराव, रिटायर हेडमास्तर! त्यायनं पूर्ण मोहल्ल्यात सांगून ठेवलं, "आमच्या खुशालले शिक्षण पचलं नाई." जेवताना, न्हाताना, पाहुण्यायसमोर, एकच टेप. पचलं नाई! जसं काई मी कच्चे चणे खाल्ले!

अशात शहाऐंशीच्या मे महिन्यात पुण्याहून निमगावकर साहेब आले. हातात स्टॉपवॉच, डोक्यावर कॅनव्हासची टोपी, अन् संगं लाकडी खोक्यात एक खराखुरा सिग्नल! लाल, पिवळा, हिरवा! संशोधन करून राह्यले म्हणे, शहरातल्या वाहतुकीच्या कोंडीवर. मी म्हटलं, साहेब, कोंडी तं पुण्या-मुंबईत, चंद्रपुरात काय कराले आले? तं नाकात बोलले, "हे बघ खुशाल, तिकडे नुसत्या मोटारी. मला मिश्र वाहतूक हवी आहे. बैलगाडी, सायकल, ट्रक, बस, म्हैस, सगळं एका चौकात. असा चौक भाग्याने मिळतो!" भाग्यानं! आमी त्या भाग्यात रोज अर्धा-अर्धा तास अटकून पडत होतो!

साहेबानं मले मोजाले ठेवलं. तं काम काय? चौकाच्या मधात फक्कीची पांढरी रेघ. रेघ ओलांडली की गाडी मोजाची. दोन दिवस तालीम, तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, खरी मोजणी. ज्या रस्त्याचा भार जास्त, त्याले हिरवा दिवा जास्त वेळ. बस. अन् साहेबानं माह्या खांद्यावर हात ठेवला, "खुशाल, चोख मोजणी केलीस तर तुला पुण्याला नेतो. आमच्या प्रयोगशाळेत एक मोजणीदार हवाच आहे."

पुणे! तुमाले कळलं का? पुणे म्हणजे बापापासून आठशे किलोमीटर! मी त्याच दिवशी पेटी झाडून ठेवली.

पण आमच्या चौकाची एक रीत आहे. इकून मूल रोड, तिथी माह्या बापाचं राज्य. तिकून डेपो रोड, तिथी शालिकराम सेठ, लाकूड कापाच्या आरामशीनवाला. दोघं बारा वर्षांपासून चौकात एकामेकाले वाट देत नाईत. काऊन? कधीतरी एका बारशाले जाताना शालिकरामची जीप पहिले गेली अन् बापाची सायकल नालीत. बस! तेव्हापासून "आपल्या रस्त्याची इज्जत"! समोरासमोर आले की दोघंही थांबतात, दोघंही आभाळाकडं पाहातात, अन् मागं दोन्ही मोहल्ले हॉर्न वाजवतात. शिकलेली माणसं हो! एकानं तं आमाले नागरिकशास्त्र शिकवलं!

पहिल्या दिवशी जेवताना बाप म्हणे, "बाबू, आपल्या रोडचे थोडे आकडे जास्त टाकजो."

मी म्हटलं, "नाई टाकत."

"मी तुहा बाप आहो!"

"बापाचा आकडा पुस्तकात नाई."

आईनं, रुखमाबाईनं, हसू आलं म्हणून पदर तोंडात घातला. बाप ताटावरून उठला. पण मी कागद खोटा केला नाई. तं या म्हाताऱ्यायनं काय केलं माहीत आहे? कागद खोटा नाई झाला, म्हणून रस्ताच खोटा केला!

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मूल रोडकडून दसरू गाडीवानाची बंडी आली. रिकामी. रेघ ओलांडली, आठ. दहा मिनिटांनी परत दसरू. आठ. मंग परत दसरू! मी म्हटलं, "दसरूभाऊ, काई विसरले का?" तं म्हणे, "हेडमास्तरानं सांगतलं, दुपारपर्यंत फिरत राह्य." मी धावत साहेबाकडं. साहेब म्हणे, "आपण वाहन मोजतो खुशाल. गाडीवान ओळखायचा नसतो. ओळखलं की विज्ञान संपलं." घ्या! सतरा खेपा दसरूच्या! शेवटी शेवटी तं बैल स्वतःच रेघेवर थांबून माह्याकडं पाहात, की झालं का बे लिहून? अन् मी? मी मोजून राह्यलो!

तिकून शालिकरामले पत्ता लागला. त्यानं लाकडाचे ट्रक फिरवणं सुरू केलं. तेच सागवान चौकातून जाते, तेच सागवान वापस येते. तीन... तीन... तीन... पण तीन आठाले कसं पुरल? मंग शालिकराम स्वतः माह्यासमोर येऊन उभा, चेहरा असा जसं कोणी मयत झालं. "काऊन रे खुशाल, माहा दहा टनाचा ट्रक तीन, अन् त्या दसरूचा फाटका खटारा आठ? हा कोणता न्याय?" मी म्हटलं, "सेठ, तुमचा ट्रक लवकर पुढं जाते. जो पुढं जाते त्याले इथी भाव नाई." तं तो म्हणे, "मंग मीही हळू चालवतो!"

अन् चंदाबाई! तलावावरची मासोळीवाली, डोक्यावर हे एवढं टोपलं. ती रेघेवर थांबली, "अन् माहं किती?"

"पायी चालणारा शून्य, बाई."

"शून्य? मी डोक्यावर पंधरा किलो मासोळी घेऊन चालली, तं शून्य? अन् बसून बिडी पेणारा दसरू आठ? जळो तुह्यं पुस्तक!" अन् गेली निघून, माह्या कागदावर मासोळीचं पाणी शिंपडून.

मंग उजाडला बाजाराचा दिवस. खरी मोजणी. दहा वाजताच अंगाची लाही लाही. मी छत्रीखाली, पेन्सिली टोकदार, घरी पेटी भरून तयार. मूल रोडकडं पाह्यतो तं काय... बंड्या! नजर पुरणार नाई इतक्या बंड्या! बापानं आजूबाजूच्या खेड्यायतून बोलावल्या होत्या. सगळ्यायच्या पुढं बाप, सायकल हातात धरून, जशी झेंडावंदनाची प्रभातफेरी. डेपो रोडकडं पाह्यतो तं ट्रक, जीप, ट्रॅक्टर, अन् अजी, शालिकरामनं पण कुठून तरी बंड्या पैदा केल्या! सगळ्यायच्या पुढच्या बंडीवर शालिकराम स्वतः, कासरा हातात! आयुष्यात कधी बैल हाकला नाई त्या माणसानं!

दोन्ही फौजा एकाच टायमाले रेघेजवळ आल्या. अन् थांबल्या.

बापानं आभाळाकडं पाह्यलं. शालिकरामनं आभाळाकडं पाह्यलं.

मी ओरडलो, "अजी, कोणीतरी एक जण पुढं या! रेघ ओलांडल्याबिगर मोजता येत नाई!" बाप म्हणे, "पहिले त्याले मागं जा म्हण." शालिकराम म्हणे, "माहे बैल मागं चालत नाईत." मागून बंडीले बंडी भिडली, ट्रकले ट्रक. भद्रावतीची एस.टी. येऊन त्यात अटकली, कंडक्टर टपावर चढून दोन्हीकडच्यायले शिव्या देऊन राह्यला. अकरा वाजले. बारा. एक. बैल बसले. ड्रायव्हर ट्रकखाली झोपले. पाच तास, तुमाले सांगतो, पाच तास त्या चौकात एक चाक हाललं नाई! फक्त चंदाबाई गेली. दोनदा गेली, दोनदा आली, बैलायच्या शिंगायतून, हसत हसत, पूर्ण टोपलं विकून. तिचे किती? शून्य! अन् मी काय करून राह्यलो? मी मोजून राह्यलो! दहा ते अकरा शून्य. अकरा ते बारा शून्य. शून्यावर शून्य!

तीन वाजता साहेबानं कागद पाह्यला. टोपी काढली, घाम पुसला. "मुख्य दिवशी, गर्दीच्या पाच तासांत, एकूण वाहतूक शून्य. म्हणजे या चौकाला सिग्नलची गरजच नाही."

मी म्हटलं, "साहेब, डोळ्यानं पाहा ना! गाव उलटून पडलं आहे!"

"डोळ्यांनी पाहिलेलं प्रबंधात चालत नाही, खुशाल."

"अन् साहेब... माहं पुणे? मोजणी तं चोख केली ना?"

"अगदी चोख! पण बाळ, आता हा चौकच संशोधनातून बाद झाला. शून्य मोजायला मी माणूस कशाला नेऊ?" अन् खोकं उचलून टेसनाकडं गेले. हो, पायी!

मंग माह्यं डोकं फिरलं. मी छत्री घेऊन मधात घुसलो. "अबे सोडा ते बैल! उचला बंडी! शालिकराम सेठ, उतरा खाली! बाबा, तुमची सायकल त्या ओट्यावर चढवा, आत्ताच्या आत्ता!" बैल सोडले, माणसायनं बंड्या उचलून फिरवल्या, मंग ट्रक एकेक करून मागं. दिवस मावळायच्या आत चौक मोकळा! अन् तुमाले सांगतो, बारा वर्षांत पहिल्यांदा बाप अन् शालिकराम एकामेकाकडं तोंड करून बोलले. काय बोलले? बाप म्हणे, "पोट्ट्यानं एक आकडा टाकला असता तं सिग्नल आला असता." शालिकराम म्हणे, "शिक्षण पचलं नाई, दुसरं काय!" अन् दोघायनं मिळून ठरवलं, की आता खुशालनंच रोज सकाळी चौकात उभं राहून हात दाखवाचा.

तं आता मी उभा राह्यतो. पेटी आईनं रिकामी करून त्यात गहू भरले. लोक विचारतात, खुशाल, तू तं एवढा कडक, एवढा चोख, मंग पहिला हात नेहमी मूल रोडलेच काऊन दाखवतो?

अजी, जेवाले घरीच जा लागते ना!