ममताचे शहाण्णव तास

पोलीस ठाणे, सिल्वासा. ता. २९ ऑक्टोबर १९९३, सकाळी १०.४०.

नाव: बायडाबाई बारकू बोरसे. वय: चाळीस, अंदाजे. धंदा: खडोलीला सूत कारखान्यात पॅकिंग. राहणार: टोकरखाडा. मूळ गाव: अमळनेर तालुका, जि. जळगाव.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, हवालदार दत्तात्रय हे गुजरातीत लिहायला बसले होते. मी म्हणाले, जे मला वाचता येत नाही त्याच्याखाली मी सही करत नाही. म्हणून हा जबाब मराठीत आहे.

माझी मुलगी ममता, वय सतरा, बारावीला टेक्निकल घेऊन शिकते. शाळेतर्फे ती दर मंगळवारी आणि शनिवारी खडोलीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर लोखंड कातायचं काम शिकायला जाते. असे सहाशे तास भरले तर पुढच्या अप्रेंटिसशिपमधले सहा महिने कमी होतात. हे शाळेच्या शैलजाबाईंनी पालकसभेत सांगितले होते. तास एका वहीत लिहायचे आणि वर्कशॉपच्या सुपरवायझरने सही करायची. सहा महिने ही लहान गोष्ट नाही. आणि सहा महिने राहू द्या, तो कागद हातात असला तर पोरगी लेथवर उभी कशाला, असं कुणाला तोंड वर करून विचारता येत नाही. वहीत एकूण सहाशे बारा तास भरले होते.

सुपरवायझर रमाकांत हे पहिल्या दिवसापासून ममताला पाण्यात पाहतात. "पोरींनी पॅकिंगला जावं, इथं केस मशीनमध्ये अडकतील," असे ते सर्वांसमोर म्हणाले होते. ममताने त्याच दिवशी केस कापून घेतले. मी तिला बोलले नाही.

आता माझी चूक सांगते. ता. २३ रोजी खंडेनवमी होती. आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करतात. मी ममताची कानस, मोजायचं व्हर्निअर आणि वही पाटावर मांडली. वही उघडी ठेवली, देवीला पोरीचं काम दिसावं म्हणून. हळदकुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं. रमाकांत शाईच्या पेनाने सही करतात. दोन पानांवरची शाई पसरली. त्या दोन पानांवर शहाण्णव तास होते. ममता म्हणाली, "आई, हे काय केलंस गं!" एवढंच म्हणाली आणि कोपऱ्यात बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या सहा महिन्यांच्या सवलतीचा फॉर्म वहीसकट शनिवारी ता. ३० पर्यंत जमा करायचा होता. म्हणून काल गुरुवारी पहिली पाळी सुटल्यावर सव्वातीन वाजता मी ममताला घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. हात जोडून म्हणाले, साहेब, माझ्या हातून झालं, पुन्हा सही करून द्या. रमाकांत म्हणाले, "कुंकू लावून तास वाढवायचे धंदे आहेत तुमचे. ही इथं झाडू मारत होती." मी म्हणाले, झाडू मारत होती तर चौदा नंबरचे लोखंडी बुश कुणी बनवले? तिथे जो माल बनवतो तो स्वतःचा नंबर त्यावर ठोकतो, म्हणजे खराब निघाला तर कुणाचा ते कळतं. ममताचा नंबर चौदा. रोजच्या मालाच्या रजिस्टरलाही चौदा आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

यावर रमाकांत यांनी वही ओढली आणि ती दोन पानं फाडली. चार तुकडे करून टोपलीत टाकली. मी ओरडले, "ओ भाऊ, हाई काय करी राह्यना तू?" टेबलावरचा त्यांचा चहाचा कप मी जमिनीवर आपटला. कप फुटला, हे खरं आहे. मी त्यांना चापट मारली असं त्यांनी तक्रारीत लिहिलं आहे, ते खोटं आहे. मारायला हवी होती.

मला तिथे रडू आलं. त्या माणसासमोर रडले याचा मला अजून राग येतो.

जबाब इथपर्यंत लिहून झाला तेव्हा साडेअकरा वाजता शैलजाबाई आणि रमाकांत दोघे ठाण्यात आले. बाई म्हणाल्या, मालाच्या रजिस्टरवरून शहाण्णव तास सिद्ध होतात, पण पडताळणीला चार-पाच दिवस जातील, तोवर मुदत संपेल. रमाकांत म्हणाले, पानं फाडल्याचं मालकाला कळलं तर माझी नोकरी जाईल. यांनी ते वाक्य मागे घ्यावं, मी कपाची तक्रार मागे घेतो आणि आत्ता सही करतो. चोर तो चोर वर शिरजोर! बाई म्हणाल्या, "बायडाबाई, पोरीकडे बघा." ममता बाकावर बसली होती.

म्हणून मी सांगते की, पानं पूजेत भिजल्याने माझ्याच हातून फाटली, रमाकांत यांनी फाडली नाहीत.

हे एवढं वाक्य रमाकांत यांनी स्वतः दोनदा वाचलं. मग वहीत शहाण्णव तास नव्याने लिहून सही केली, वर्कशॉपचा शिक्का मारला, कपाची तक्रार मागे घेतली आणि ते कामावर गेले. शैलजाबाई आणि ममता वही घेऊन रिक्षाने अप्रेंटिसशिपच्या ऑफिसला गेल्या. पाऊण वाजता बाईंचा ठाण्यावर फोन आला, फॉर्म जमा झाला, पोच मिळाली.

त्यानंतर सही घेण्याआधी हवालदारांनी हा जबाब मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. पानं माझ्या हातून फाटली हे एक वाक्य खोटं आहे, तेवढं खोडा. पानं रमाकांतनंच फाडली. आता बरोबर आहे.

सही: बायडाबाई बारकू बोरसे